पलूसची नापास रोपं

आण्णा,

परवा पलूसला मामांकडे जाऊन आलो. तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं पहिल्यांदाच वाटलं, आणि तेही प्रेमानं नव्हे, रागानं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'आता याला काय पाहिजे?' असं मनात म्हणत बसायला नको. कुणी दोन शब्द गोड बोललं की तुम्हाला हेच वाटायचं ना.

तुमच्या संशयानं कधी कुणाचं भलं झालं नाही, असं मी म्हणणार नाही. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि झाडं लावायची सगळ्यांनाच घाई झाली. सरकारी नर्सऱ्या पुऱ्या पडेनात, म्हणून खात्यानं शेतकऱ्यांना ठेक्यानं रोपं वाढवायला दिली. बी आणि काळ्या पिशव्या खात्याच्या, माती-पाणी-मेहनत त्यांची. तुम्ही वनपाल. कोयनानगरच्या वरच्या उतारांवर ती रोपं लावून जगवायची तुम्हाला, म्हणून उचलण्याआधी तपासायचीही तुम्हीच. कऱ्हाडजवळच्या एका मळ्यात मी तुमच्याबरोबर होतो. कडेची रोपं तुम्ही बघायचाच नाहीत, थेट वाफ्याच्या मधे घुसायचात. तिथलं एक रोप चिमटीत धरून जरा ओढलंत, तर उदबत्ती निघावी तसं सुळकन हातात आलं. मूळच नाही! पठ्ठ्यानं करंजाच्या फांद्या तोडून पिशव्यांत खोचल्या होत्या. तुम्ही ओरडला नाहीत. ती काडी त्याच्या सदऱ्याच्या खिशात अडकवलीत आणि चालू लागलात. मला त्या दिवशी तुमचा काय अभिमान वाटला होता! पण असं चार ठिकाणी खरं ठरलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला वाटतं तेच खरं. शिंप्यानं कापड कापेपर्यंत तुम्ही दुकानातून हलायचा नाहीत. तपासणीच्या गावात कुणाकडं पाण्याचा घोट घ्यायचा नाहीत, तुमची बाटली तुमच्या खांद्याला. घरात आईनं कपाट उघडलं तरी तुमची मान वळायची.

आणि अशात मामांनी ठेका घेतला. आईचा पाठचा भाऊ, फौजेतून आलेला, घरचा ऊस, विहिरीला बारमाही पाणी. 'साहेब, तो माझा मेव्हणा आहे, दुसरा माणूस पाठवा' असं तुम्ही वर जाऊन सांगितलंत हे मला माहीत आहे. साहेब हसले म्हणे, 'तुमच्यापेक्षा कडक माणूस मी आणू कुठून?' मलकापूरच्या आपल्या त्या दोन खोल्यांत तुम्ही आईला एवढंच म्हणालात, 'परवा पलूसला जायचंय. कुठं बोलू नगंस.' दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं कुरडयांचा डबा एस.टी.च्या कंडक्टरजवळ भावासाठी दिला. चैत्र होता, दर उन्हाळ्यात द्यायची तसा दिला. तुम्ही दारात दाढी करत होतात. आरशातून तुम्ही तो डबा जाताना बघितलात, हे मला पलूसहून परतल्यावर कळलं.

तुमचा पाय मुरगळला होता म्हणून मोटारसायकल मी चालवली. एकोणीस-वीस वर्षांचा होतो, कॉलेजला सुट्टी होती. मळ्यात शिरतोय तर मोठं थोरलं पातेलं चुलवणावर रटरटतंय, मटणाचा वास थेट रस्त्यापर्यंत. मामा पुढं आले. पांढरा बनियन, हातात पळी, तोंडभर हसू.

"या दाजी, या! रं भाच्या, गाडी सावलीला लाव."

तुम्ही पातेल्याकडे बघितलंत. "जेवान कुनासाठी म्हनायचं?"

"आवं, तुमच्यासाठीच की! बसा, हातपाय धुवा."

मी तुमच्या शेजारीच उभा होतो. तुमचा चेहरा असा काही बंद झाला की बस्स. "मी जेवायला आलेलो न्हाई, ठेकेदार. वाफं दावा." दाजी म्हणणाऱ्या माणसाला ठेकेदार! तेही रोपांना पाणी पाजणाऱ्या मजूर बायकांदेखत. मामांनी पळी खाली ठेवली, बनियनवर शर्ट चढवला आणि तुमच्यापुढं चालू लागले, फौजेत चालत असतील तसे.

रोपं कंबरेला लागत होती, आण्णा. शिरीष आणि करंज, काळाभोर पाला, बघत राहावं अशी. मला तर वाटलं, एवढी देखणी रोपं बघून तुम्ही विरघळणार. तुम्ही मधलं एक उचलायला गेलात तर ते उचलेना. मूळ पिशवी फोडून खाली वाफ्यात गेलं होतं. जोर लावला तसं तटकन तुटलं. देठ वाकवलात तर नुसता लवलवीत, काडीसारखा ताठपणा नाही. मामांनी उसाला देतात तसं पाट फोडून पाणी दिलं होतं, वर युरिया. उसाच्या माणसानं झाडाचाही ऊस करून ठेवला होता. ही रोपं कोयनेच्या उतारावर पावसाळा सरला की माना टाकणार, हे मलाही कळलं. तिथं तुमचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

पण मागच्या अंगाला चार वाफे होते. चढावर पाट पोचत नव्हता म्हणून तिथं पाणी बेतानं मिळालेलं. रोपं बुटकी, पण काटक. मामा म्हणाले, "दाजी, ती तरी बगा. आलायसा तर."

तुम्ही तिकडे बघितलंही नाहीत. "सगळी नापास," म्हणालात आणि मला गाडी काढायला सांगितलंत. वाफ्याच्या मधे घुसणारा माणूस, चार पावलं चढ चढला नाही! मुरगळलेल्या पायामुळं नव्हे. नापास तुम्ही ते पातेलं केलंत.

घरी आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"पलूसला कुनाकडनं सांगून धाडलंस?"

"काय सांगून धाडलं?"

"आमी येनार म्हनून. कंडक्टरला सांगितलंस न्हवं, डबा देताना?"

"आवं, मी कशाला सांगू? तुमी नगं म्हनला हुता की."

"मग मटान कुनासाठी शिजत हुतं? तुझा भाऊ त्याच्या तोंडानं म्हनला, तुमच्यासाठीच."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी 'हो' म्हणून मान हलवली, कारण मामा तसं म्हणाले होते हे खरंच होतं. तव्यावरची भाकरी करपली. "मी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. एकदाच. पुढं हयातभर तिनं तो विषय काढला नाही, आणि तुम्हीही नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, आण्णा! तुम्ही फक्त घरात सांगायचं बंद केलंत. कुठं चाललात, कधी येणार, काही नाही. 'फिरतीवर' म्हणायचात आणि निघायचात. तिला एका वेळच्या भाकऱ्या बांधाव्यात की मुक्कामाच्या, हेही कळायचं नाही. मग ती जास्तच बांधायची. त्या दिवाळीला मामा भाऊबीजेला आले नाहीत, पुढच्याही नाही, आणि ती त्यांच्याकडे गेली नाही. गेली असती तर तुम्ही म्हणाला असता, बघ, म्हटलं नव्हतं?

मग तुम्ही गेलात. तुमच्यामागं काही वर्षांनी ती गेली. मामा दोन्ही वेळा स्मशानात आले, लांब उभे राहिले आणि लांबूनच गेले.

परवा मामांच्या नातवाच्या साखरपुड्याला गेलो होतो. मामा आता पार वाकलेत, पण आवाज तोच. कार्यक्रम उरकल्यावर बाजेवर बसलो होतो. शेजारच्या रानात मशीन ऊस तोडत होतं. मामा म्हणाले, "त्येच्यात कसली मजा? पयलं कसं, तोड संपली, शेवटची मोळी गाडीत चढली, का आमी टोळीला मटनाचं जेवान घालायचो. बायकापोरांसकट. आता मशीनला काय घालतोस, डिझेल?"

मी विचारलं, "मामा, आण्णा रोपं बघायला आले होते, त्या दिवशी पातेलं..."

"व्हय की. टोळीचंच. रानाच्या पल्याड गाडी भरत हुती मानसं."

"मग तुम्ही 'तुमच्यासाठीच' कशाला म्हणालात?"

मामा माझ्याकडे बघत राहिले, मला वेड लागल्यासारखं. "आरं, मग काय म्हनायचं? भनीचा मालक दारात हुबा, जेवान कुनासाठी म्हनून इचारतोय. आन म्या म्हनू, तुमच्यासाठी न्हाई, ऊसतोड्यांसाठी हाय? आसं बोलत्यात व्हय कुनाला?"

आपल्या माणदेशातल्या रानाला कधी ऊस लागला नाही, आण्णा. तुम्हाला टोळीचं जेवण ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण दारात आलेल्या पाहुण्याला काय म्हणतात, ते तर तुम्हाला ठाऊक होतं की! आईनं कळवलं असं तुम्ही धरलंत, हे मी मामांना सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "आक्का कवा बोलली न्हाई ते," एवढंच म्हणाले, आणि मग हा एवढा फौजी माणूस पटक्याच्या शेमल्यात तोंड घालून रडला. "मला वाटलं, माझी रोपं खराब निगाली म्हनून आक्का येत न्हाई. लाजंखातर मीबी गेलो न्हाई."

मी काय केलं सांगू? मामांना तसंच बाजेवर सोडलं, आत गेलो आणि मामींना एकटं गाठून विचारलं, त्या दिवशीच्या जेवणाचं, डब्याचं, कंडक्टरचं. मामांनी काय सांगितलं ते त्यांना कळू न देता. मामी भांडी आवरत म्हणाल्या, "टोळीचं हुतं की जेवान. आन डब्यात कुरडया. निरोप कसला? कंडक्टर म्हनला, ताईंनी दिल्यात, आन गेला." दोघांचं अगदी जुळलं. जुळलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. एस.टी.त बसल्यावर मनात आलं, दोघांनी आधी ठरवलं तर नसेल? मेलेल्या बहिणीची अब्रू राखायला माणूस एवढं तर करेलच की. स्वतःची शरम वाटली. पण ते मनात आलं ते आलंच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कागद घेतला तो एकच वाक्य लिहायला, तुमच्या तोंडावर, ठासून. आईनं सांगितलं नव्हतं. तेवढं लिहायला बसलो आणि हातानं आधी 'बहुतेक' लिहिलं. खोडलं मी ते. पण तुमच्या हाती हा कागद आला असता, तर तो खोडलेला शब्दच तुम्ही आधी वाचला असता.