भाजलेलं बी

ता. ८ जुलै

ती. दादास,
साळूचा सा. न. वि. वि.

साहेबाच्या कचेरीत कागद उतरवून उतरवून तू वाळला असशील, असं आई रोज म्हणते. मी म्हणते, आधी होताच कुठे जाड!

आता खरं सांगते. साहेबाने सक्तीने दिलेलं, कापडाचा रंग काढतात त्या पिकाचं बी अख्ख्या गावाने भाजून पेरलं. हसू नकोस. उगवलंच नाही तर ही जमीन त्या पिकाला नालायक ठरेल आणि आपल्याला पोटापुरतं धान्य पेरता येईल, ही शेजारच्या काकूंची अक्कल. आपलं बी मीच भाजलं. आज सगळ्यांची शेतं उघडीबोडकी आणि आपलं एकट्याचं हिरवंगार!

बाबांना विचारलं, तर म्हणाले, मेलेलं बी मातीत टाकायला हात उचलेना. भाजलेलं उकिरड्यात ओतून त्यांनी मुकादमाकडून ताजं आणलं होतं. आता विहिरीवर बायका मला पाठ दाखवतात, काकूंनी तर बोलणंच टाकलंय. काय करू? गाडीवानाच्या हाती लगेच कळव.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
साळू


ता. १२ जुलै

चि. साळूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. बाबांनी हे काय करून ठेवलं! पुढच्या मंगळवारी साहेब स्वतः येतोय. हुकूम मीच उतरवला: एका शेतात जरी पीक दिसलं, तरी बाकीच्यांनी लबाडी केली असं धरून त्यांच्या जमिनी काढून घ्यायच्या. म्हणजे आपलं शेत गावाच्या मुळावर उठणार.

त्याआधी रोपं उपटा, नांगर घाला. बाबांना जमलं नाही तर तू कर. तोंड चालवतेस तसे हातही चालव एकदा. मला रजा मागता येत नाही, संशय येईल. खुर्चीत बसवत नाही की उभं राहवत नाही.

पत्र चुलीत घाल. दूर राहिलो म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा


ता. २० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा शेतात गेले, एक रोप मुठीत धरलं आणि सोडून दिलं. मला बघवणार नाही, म्हणाले. मग मीच उपटायला बसले. रडत होते, पण हात थांबवले नाहीत. थोड्या वेळाने काकू आल्या. पदर खोचला आणि शेजारच्या ओळीला लागल्या. मागून बाकीच्या बायका आल्या. शेजारच्या काकांनी नांगर फिरवला.

काल साहेब आला. जमीन निकामी आहे, इथे पुन्हा बी वाटू नका, असं त्याने मुकादमाला सांगितलं. आम्ही सुटलो म्हणतोय, तोच त्याला आपलं ताजं नांगरलेलं शेत दिसलं. हुकमाशिवाय कुणी नांगरलं, असं तो ओरडला. मी पुढे होणार एवढ्यात बाबा म्हणाले, मी. काही उगवलं नाही म्हणून रागाच्या भरात नांगरलं. दादा, बाबांना साधी थाप मारता येत नाही, आणि ही काय सफाईने मारली! महिनाभराची कोठडी झाली. आईने अजून अन्नाला हात लावलेला नाही.

शिपाई न्यायला लागले तेव्हा सगळा गाव मागे होता. बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आईला काही निरोप असेल. तर हळूच म्हणाले, रोपांनी चांगला जीव धरला होता ग, फूल कसलं आलं असतं कुणास ठाऊक.

कोठडी तुझ्या कचेरीमागेच आहे ना? भेटायला जा, रागावू नकोस. आणि जाण्याआधी त्या पिकाला फूल कसलं येतं, ते कचेरीत कुणाला तरी विचार. बाबांना तेवढं सांग.

आम्हा दोघींवर जीव असू दे.
साळू