रेडिएटरमधला आंबेमोहर

तीर्थस्वरूप प्रदीपमामा यांस,

वराळ्याहून अपेक्षाचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? कार्ल्यात थंडी जास्त असेल, त्यांना शेकत राहायला सांगा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (गाडी सोडून. पण गाडी 'सगळ्यां'त धरायची का ते ठरेना, म्हणून कंसात लिहिलं.) फोन केला नाही, कारण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि मग पारावरची मंडळीही उत्तरं देतात.

गाडीचं तुमच्या कानावर आलंच असेल. आकाश प्रवासी घेऊन लोणावळ्याला चालला होता. वलवणच्या अलीकडे बोनेटमधून वाफ आली, खडखडाट झाला आणि इंजिन जाम झालं. प्रवाशांनी आधी वाफेबरोबर फोटो काढले, मग दुसरी गाडी केली. वॉरंटी नेमकी आदल्या महिन्यात संपलेली. आमचं घर आता त्या गाडीवर चालतं हे तुम्ही जाणताच. दवाखान्यात पेशंटला भेटावं तसा आकाश रोज सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून गाडी बघून येतो. घरी येतो तर आई पोटच्या लेकालाच म्हणते, तूच दामटली असशील. तो आता उलट बोलतही नाही, ते मला जास्त लागतं.

शिकलेली म्हणून भांडायला मला पाठवलं, सोबतीला बाबा. ही निवडच चुकली. शाळेत जायच्या आधी तुम्ही मला हायवेवरच्या पाट्या वाचायला शिकवल्यात, आणि जे लिहिलंय तेच वाचायचं, मनाचं घालायचं नाही, असा दम दिलात. ती खोड अजून गेलेली नाही. तिथल्या प्रज्ञेश नावाच्या मॅनेजरांनी विचारलं, गाडी नीट वापरली ना? दुसरं कोणीही हो म्हणालं असतं. मी विचारलं, नीट म्हणजे कितपत? (बाबांनी माझा पाय दाबला. तो खरं तर मॅनेजरांचा होता.)

मग त्यांनी गाडीचं तोंड उघडून रेडिएटरच्या जाळीतून मूठभर पेंढा काढला आणि म्हणाले, हा काही कंपनीने घातलेला नाही. बाबांनी त्यातला एक दाणा उचलला, नखाने सोलला, दाताखाली धरला आणि दुखावल्यासारखे म्हणाले, "ह्यो भात आमचा न्हाई. आमी इंद्रायणी लावतो. ह्यो आंबेमोहर हाय."

आणि मामा, एवढं बोलून त्यांनी तो दाणा घाईने खिशात टाकला. आपल्या नात्यात आंबेमोहर एकच माणूस लावतो, आणि तो प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ते सांगतो. येताना बाबा एवढंच बोलले, "तुज्या आईम्होरं बोलू नको."

मी आरोप करत नाही. दिवाळीनंतर मामींना एकवीरेच्या दर्शनाला न्यायचं म्हणून तुम्ही गाडी नेलीत. मळणीच्या दिवशी ट्रॅक्टर मिळाला नाही की आपल्याकडे कुणीही, मिळेल ते चाक पेंढ्यांवरून फिरवतो. दर्शनाहून परतताना गाडी खळ्यात शिरली असेल आणि पहिल्या गिअरमध्ये दिवसभर गोल फिरत राहिली असेल. गुडघेदुखीत पायऱ्यांपेक्षा ते बरंच.

पण यातूनच वाट निघते आहे. त्यानंतर गाडी तापायला लागली, म्हणून आकाशने ती सर्व्हिसिंगला नेली होती, आणि तेव्हा वॉरंटी चालू होती. 'घाटात सगळ्याच तापतात' म्हणून त्यांनी ती नुसती धुऊन परत दिली. निघण्याआधी मी प्रज्ञेशसाहेबांना विचारलं, मळणी जर आधीची, तर तुमच्या सर्व्हिसिंगच्या वेळी हा पेंढा कुठे होता? त्यांनी तो पेंढा उलटसुलट करून पाहिला. मग चहा मागवला. माणूस वाईट नाही. म्हणाले, ज्यांनी गाडी फिरवली त्यांनी समोर येऊन तसं सांगितलं, तर चूक दोन्हीकडची धरू. निम्मं काम आम्ही करून देऊ, मी वर बोलतो. मला वाटतं, जमेल.

तुम्ही मात्र काही मनाला लावून घेऊ नका, आणि थंडीत उगीच दगदगही करू नका. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
अपेक्षा

ता. क. उद्या सकाळी साहेब भेटणार आहेत. या. तुम्ही आल्याशिवाय इंजिन होणार नाही.

ता. क. आणखी एक. आईला अजून दर्शनच माहीत आहे. तिला कळेल तेव्हा मी मध्ये उभी राहीन. (किती वेळ, ते आत्ताच सांगू शकत नाही.)

ता. क. शेवटचं. हे पत्र मित्राच्या मोटरसायकलवरून आकाशच आणतो आहे. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. मामांकडून तांदूळ आणायचाय, एवढंच मी सांगितलंय. तेव्हा मागे तुम्ही बसा, आणि माझं बोलणं खोटं पडू नये म्हणून मांडीवर पायलीभर तांदूळही घ्या. जे सांगायचं ते त्याला वाटेतच सांगा. चालवताना तो मागे वळून बघत नाही, फार शिस्तीत चालवतो.