पायसमाची पाळी

प्रिय अम्मा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. अच्छनना सांग, लेकीने दम दिलाय, काठी घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

आमच्या लॉजमध्ये सगळ्या मूल व्हावं म्हणून उपचाराला आलेल्या बायका. पोटातल्या जिवाचे ठोके दिसले की त्या बाईने सगळ्यांना गुळाचं पायसम करून वाढायचं, हा इथला रिवाज. काल शेजारच्या खोलीतल्या लिजीने केलं. आमचे गर्भ एकाच दिवशी पोटात ठेवले होते. तिचा ताजा, माझा गोठवून ठेवलेला. सोनोग्राफीत माझा तिच्यापेक्षा लहान दिसला. ठोके दिसलेच नाहीत.

लिजी म्हणाली, "अगं, बर्फातून आलंय ते, अंग शेकायला वेळ नको का?" मी पोटभर हसले. डॉक्टरीणबाईंना तेच सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोठवल्यामुळे वाढ मागे पडत नाही. सोमवारी पुन्हा बघू."

तू काळजी करू नकोस. देवळात कुणाला काही बोलू मात्र नकोस.

तू दिलेला गूळ अजून उघडलेला नाही. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या थाळीत ठेवलाय. पाणी आटलं नाही ना, ते सारखी उठून बघते.

तुझीच,
शैलजा