तुम्ही लावलेलं बाल्कनीचं दार

अहो सचिनचे पप्पा,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी चिठ्ठी लिहिली नाही. समोर बसलेल्या माणसाला काय लिहायचं? पण आता तुम्हाला "बास कर" म्हणून मधेच उठून जाता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. ऐकावंच लागेल!

आज सकाळी वंदना आली होती. खालच्या मजल्यावरची, माझी लेझीमची जोडीदारीण. नवी कोरी लेझीम माझ्या हातात ठेवून म्हणाली, "उद्यापासून ये गं. शिवजयंतीची मिरवणूक जवळ आली." नेमक्या तुमच्या आक्का बिडकीनहून आलेल्या. वंदनाची पाठ वळली न वळली तोच सुरू झाल्या, "सुमन, वर्ष तरी सरू दे. नवरा गेला अन् लेझीम खेळती व्हय? माझ्या भावाला आवडत नव्हतं हे, ठाऊक हाय ना तुला?"

मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? आक्का वयानं मोठ्या, उलटून बोलले नाही. पण राग काही गिळला जाईना. अन् खरं सांगू का, तो त्यांच्यावर नाहीच. तुमच्यावर आहे.

माणसांचं एवढं वावडं का होतं हो तुम्हाला? बिडकीनच्या भरल्या घरात वाढलेले तुम्ही. रिटायर झालात, सिडकोत हा फ्लॅट घेतलात अन् आतून कडी घालून बसलात. सोसायटीची मीटिंग नको, गणपतीची आरती नको, जिन्यात कुणी भेटलं तर नमस्कारसुद्धा नको. "आपल्याला कुणाची गरज नाय," हे ठरलेलं वाक्य. आपल्याला म्हणजे कुणाला? मला विचारलं होतंत का कधी?

समोरच्या मैदानावर शोभाताईंनी बायकांची लेझीम सुरू केली, तेव्हा मी न विचारता गेले. शोभाताई म्हणजे शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या, आवाज असा की रिक्षावाला थांबून बघायचा. करमाडच्या शाळेत मी लेझीम खेळलेली, लग्नानंतर हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी गुडघे असे बोलले की काय सांगू! पण हळूहळू जिना चढताना धाप लागेनाशी झाली. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "गोळीचा गुण आहे." डोंबल गोळीचा! तिथं हसून हसून पोट दुखायचं, ते कुठल्या गोळीनं होतं? बिल्डिंगमध्ये मी तीनशे दोनवाली काकू. तिथं मला सुमन म्हणायच्या. किती वर्षांनी कुणी मला नावानं हाक मारली असेल, जरा विचार करा.

शोभाताईंचा एक नियम होता. प्रत्येकीला एक जोडीदारीण, अन् ती आली नाही तर दुसरीनं तिच्या घरी जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. फोन चालणार नाही. "फोनवर बाई खरं सांगत नसते," म्हणायच्या.

अन् तुम्ही? खाली "एक-दोन, एक-दोन" सुरू झालं की धाडकन बाल्कनीचं दार लावायचात. मग एक दिवस माझी लेझीम भंगारवाल्याला देऊन टाकलीत. "मोडकी होती," म्हणे. रोज वाजत होती ती! वंदना नियमाप्रमाणं विचारायला आली, तर जाळीच्या दारातूनच तिला सांगितलंत, "त्यांना बरं नाय. आता येणार नायत त्या." मी आत कणीक मळत सगळं ऐकत होते. मला बरं नव्हतं? मला काय धाड भरली होती?

पुढच्या मिरवणुकीत वंदना माझी जागा मोकळी सोडून खेळली. शोभाताईंनी दुसरी जोडी देऊ केली, तर म्हणाली, "नाय, ती येणार हाय."

मग ती सकाळ. चहाचा कप ठेवलात अन् खुर्चीतच कलंडलात. सचिन बेंगळुरूला. मी कुणाला बोलावू? बाल्कनीचं दार उघडलं अन् मैदानाकडं बघून जिवाच्या आकांतानं ओरडले, "वंदनाऽऽ!" लेझीम तिथंच थांबली. सगळ्या पळत वर आल्या.

लिफ्ट बंद. समोरचे दोघंतिघं दारात येऊन उभे, पण पुढं कुणी येईना. एकजण हळूच म्हणाला, "हात लावू का? ते चिडतील." तुमचा श्वास अडकलेला अन् लोक तुमच्या रागाला भीत होते! ही कमाई तुमची.

शोभाताईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तुम्हाला चादरीवर घेतलं, दोन्ही बाजूंनी जोड्या उभ्या केल्या. "वंदना, तुझ्यासमोर कोण?" मी भिंतीला टेकलेली. वंदना खेकसली, "सुमन, ये की! तुझी जागा हाय ती." मी जाऊन उभी राहिले. चादर धरली. "पाय चुकवू नका गं. एक-दोन, एक-दोन." ज्या आवाजाला दार लावायचात, त्याच आवाजावर तुम्ही जिना उतरलात. कुठं धक्का लागला नाही तुम्हाला.

पण दवाखान्याच्या दारातच संपलं सगळं.

नंतर तुमच्या सदऱ्याच्या खिशात पित्ताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. म्हणजे छातीत दुखत होतं, अन् तुम्ही पित्त समजून गोळ्या गिळत होतात! कुणाला बोललात? मलासुद्धा नाही. अहो, तुम्हाला एक जोडीदार असता तर तो येऊन तुमचं तोंड बघून गेला असता. नुसतं तोंड बघितलं असतं तरी कळलं असतं त्याला. ह्याचा राग मी कुणावर काढू?

त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नाही. भाकरी वंदनाकडची अन् पिठलं शोभाताईंकडचं. आक्कांनीही तेच खाल्लं, विचारा त्यांना.

अन् एक गोष्ट तुम्हाला वाटत असेल मी पाहिली नाही. गेल्या गणपतीत मी चहा घेऊन आले, बाल्कनीचं दार लावलेलं, खाली लेझीम चाललेली. खुर्चीखाली तुमचा पाय हलत होता. अगदी ठेक्यात! मला बघितलं अन् पाय आवरून घेतलात. का हो आवरलात? कुणाची लाज होती? खाली आला असतात तर कुणी खाल्लं असतं तुम्हाला?

आक्कांना मी आत्ताच सांगून आले, मी जाणार आहे. रागावल्या, रागावू देत. मिरवणूक आपल्या बिल्डिंगसमोरूनच जाते. तुमची खुर्ची बाल्कनीत ठेवीन अन् दार सताड उघडं टाकून जाईन. आता लावून दाखवा!

तुमच्यावर अजून रागावलेली,
वंदनाची जोडीदारीण,
सुमन