ढकललेला एक गुण

कुरिंग, सोमवार, २१ एप्रिल १९८६

ती. बेरिलताईस,
क्लेमचा सा. न. वि. वि.

परवा फुटबॉलच्या सामन्यात टॅलमच्या संघाने आपल्या पोरांना एकशे अठ्ठावीस गुणांनी धुतलं. मी नेहमीसारखा गोलपंचाचा पांढरा कोट घालून खांबांमागे उभा होतो. सहा गुणांच्या गोलाला दोन निशाणं हलवायची, एका गुणाच्या बिहाइंडला एक. खांदे भरून आले ताई, आणि तेही सगळं समोरच्यांसाठी!

आता खरी गोष्ट. ऑगस्टअखेर क्लबच्या सभेत ठराव येणार आहे, शेजारच्या बार्नवेलच्या क्लबात विलीन व्हायचा. म्हणजे नाव त्यांचं, मैदानही त्यांचं. गावातली बँक गेली, शाळा दोन खोल्यांवर आली. क्लब गेला तर शनिवारी दुपारी इथे कुत्रंसुद्धा भुंकणार नाही. बावीस वर्षं मी इथला चिटणीस आहे, त्यामुळे सभासद माझ्या तोंडाकडे बघतात. तू बेंडिगोत चौतीस वर्षं परक्यांच्या पोरांना गणित शिकवलंस, आता भावासाठी एवढं कर. आपला संघ सुधारतोय असं सिद्ध करणारा एक आकडा काढून दे.

लोभ आहेच, या खेपेला त्याला थोडं गणितही जोडावंस ही विनंती.

तुझा,
क्लेम

बेंडिगो, २९ एप्रिल १९८६

चि. क्लेम यास,
अनेक आशीर्वाद.

सिद्ध करायला मी वकील नाही. मी मोजते, मग जे निघेल ते निघेल.

नुसत्या गुणांच्या फरकावर जाऊ नकोस. मैदानात चिखल असला की फरक आपोआप कमी होतो आणि तुला वाटतं पोरं सुधारली. दर सामन्याला तीन रकाने भर. पहिल्यात गोल. दुसऱ्यात आपल्या पोरांचा नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेलेले बिहाइंड. तिसऱ्यात, गोल वाचवायला समोरच्याच गड्याने चेंडू स्वतः रेषेपार ढकलला, ते बिहाइंड. दोन्हींचा गुण एकच आणि तो आपल्यालाच, हे मला ठाऊक आहे. तरी वेगळे लिही.

चुकल्याबद्दलही गुण देणारा खेळ आहे हा. वर्गात मी ही पद्धत ठेवली असती तर तूसुद्धा गणितात पास झाला असतास.

तुझ्या आयरिनला सांग, लोणच्याची बरणी फुटली नाही, नीट पोचली. तब्येतीला जप आणि बहिणीवर माया ठेव, आकडे काहीही निघोत.

तुझी ताई,
बेरिल

कुरिंग, ३० जून १९८६

ती. बेरिलताईस,
सा. न. वि. वि.

दहा सामने, दहा पराभव. वही सोबत पाठवतोय. गव्हाच्या पेरण्या आटोपल्यापासून पोरं सरावाला येतात एवढंच समाधान. केल्विन म्हणून मेंढ्यांची लोकर कातरणारा एक नवा गडी आलाय. उंचीने माझ्याएवढाच, पण चेंडू दिसला की पिसाळल्यासारखा अंगावर जातो. गोल मात्र त्यालाही जमत नाही.

ते ढकललेले वेगळे लिहून तुला काय मिळालं देव जाणे. ते काही आमच्या पोरांचं कर्तृत्व नाही. समोरच्यांनी टाकलेलं उष्टं! बार्नवेलवाले तर आमच्या संघाचा फोटो काढायला येऊ का म्हणून विचारतात, आठवण राहावी म्हणून. माझा जीव तुटतो गं.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लवकर पाठव.

क्लेम

बेंडिगो, ८ जुलै १९८६

चि. क्लेम यास,
अनेक आशीर्वाद.

वही दोनदा पाहिली. गोल जवळजवळ होते तेवढेच आहेत. पण ढकललेले बघ. पहिल्या पाच सामन्यांत मिळून एक, पुढच्या पाचांत अकरा.

गडी चेंडू आपल्याच रेषेपार कधी ढकलतो? अंगावर कोणी आलं आणि तो घाबरला, की. एप्रिलमध्ये तुमच्या पोरांना कुणी भीत नव्हतं, आता भितात. तू ज्याला उष्टं म्हणतोस ती भीती आहे वेड्या.

थांब, लगेच उड्या मारू नकोस. हवा तो आकडा मागाहून शोधला की तो आपल्याला हवं तेच बोलतो. म्हणून आधीच ठरवू. शेवटचा सामना पुन्हा टॅलमशीच आहे. त्यात ढकललेले तीन किंवा जास्त झाले तर सभेत ही वही वाचून दाखव. कमी झाले तर विलीनीकरणाच्या बाजूने पहिला हात तुझा. कबूल असेल तर तसं कळव.

कठोर वाटले तरी लोभात कपात नाही.

बेरिल

(पोस्टकार्ड)

कुरिंग, १४ जुलै

ताई, कबूल. आयरिन म्हणते तू माणूस नाहीस, फूटपट्टी आहेस.

क्लेम

कुरिंग, १ सप्टेंबर १९८६

ती. बेरिलताईस,
सा. न. वि. वि.

टॅलमशी बेचाळीस गुणांनी हरलो. सामन्याच्या चारांपैकी तिसऱ्या पावापर्यंत ढकललेले दोन झाले होते. शेवटच्या पावात माझ्याच टोकाला, मधल्या खांबांसमोर गर्दी झाली. केल्विन आणि टॅलमचा कप्तान स्टॅन कीओ एकदम उडाले आणि चेंडू आत गेला. मला दिसलं ते असं, की तो केल्विनच्या खांद्याला लागून गेला. पायाने मारलेला नाही, म्हणजे मधल्या खांबांतून गेला तरी बिहाइंडच, निशाण एकच, गुणफलकावर एकच गुण. कुणाच्या अंगाला लागला याने जगात कुणाचं काही अडत नव्हतं, फक्त तुझ्या तिसऱ्या रकान्याचं. पेन्सिल हातात धरून उभा राहिलो. तीन लिहावं असं फार वाटलं, खोटं कशाला सांगू! दोन लिहिले.

काल जेवणं आटोपल्यावर सभा झाली. इतर क्लबांचे लोकही ऐकायला आले होते. मी वही वाचली नाही. आपला करार सांगितला, तिसरा केल्विनच्या खांद्याचा होता हेही सांगितलं, आणि विलीनीकरणासाठी हात वर केला. पुढच्या बाकावरची म्हातारी मंडळी माझ्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात मागून स्टॅन कीओ उठला. तीन वर्षांचा विजेता कप्तान तो. म्हणाला, की क्लेमची नजर म्हातारी झाली, तो चेंडू मी स्वतःच्या मुठीने मारला होता. कुणीतरी हसून विचारलं की एवढा पुढे असताना कशाला मारलास. तर कान लाल करून म्हणाला, की तो कातऱ्या अंगावर येताना दिसला आणि माझी तंतरली. कोणी हसलं नाही गं मग.

मी हात खाली घेतला नाही. शब्द दिला होता. ठराव एक विरुद्ध एकतीस मतांनी पडला. तो एक मी. हरायची सवय आहेच म्हणा.

आता सांग, दोन धरायचे की तीन? तू म्हणशील ते.

क्लेम

बेंडिगो, ६ सप्टेंबर १९८६

चि. क्लेम यास,
अनेक आशीर्वाद.

दोनच. पंचाने जागेवर लिहिलं ते खरं, मागाहून कोणी येऊन काही म्हणालं तर ते धरता येत नाही. स्टॅन खरं बोलला की तुमच्यावर दया केली, हे मला इथे बसून कळणार नाही आणि तुलाही कळायचं नाही. पंधरा सामने, पंधरा पराभव, ढकललेले एकूण वीस. वही मिटली.

तू दोन लिहिलेस ते वाचून मात्र चष्मा काढून ठेवावा लागला.

स्टॅनचं काय करायचं यावर दोन दिवस विचार केला. भरल्या सभेत एवढा गडी कुरिंगला भ्यालो म्हणाला, याला एकही रकाना बसत नाही. म्हणून दुकानातून नवी वही आणली, वर १९८७ घातलं आणि चौथा रकाना आखला. त्यात एक लिहिला आहे, शाईने. बाकीची पानं तू भर.

ताईचा जीव तुझ्यापाशी आहे, हे मोजून सांगायला लावू नकोस.

बेरिल