सहाव्या मजल्यावरची राखणदार

३ फेब्रुवारी, सोमवार

पाय गेले कामातून. परिषदेचे पाहुणे सकाळी हॉटेल सोडून गेले आणि अकरापर्यंत खाली धुलाईत दोनशे चादरी येऊन पडल्या. इस्त्रीच्या रोलरवरच्या मावशी म्हणाल्या, "ही माणसं झोपायला येतात की कुस्ती खेळायला?" मला हसायचंही त्राण नव्हतं.

दोनला घरी आले. जेवून जरा आडवी झाले, ती साडेपाचलाच उठले. लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळी वही घेऊन बसली होती. मला बघून मिटली.

"काय लिहितेस?"

"नरक."

गणित म्हणावं तसं म्हणाली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरने पुन्हा विचारलं. समुद्राकाठी कंपनीचं नवं हॉटेल होतंय. तिथल्या धुलाईची मुख्य, राहायला खोली. "बाई, तिसऱ्यांदा विचारतोय." मी म्हटलं, मुलीचं शेवटचं वर्ष आहे. म्हणाले, "मागच्या वेळीही शेवटचंच होतं." खरंच की. तेव्हा शाळेचं होतं.

नाही म्हणून आले. नाही म्हणायची इतकी सवय झाली आहे की आता जीभ परस्पर बोलते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्या बाबांचा फोन. मला नव्हे, तिला. खोलीचं दार लावून बोलली. त्यांच्या शहरात चित्रकलेचं मोठं कॉलेज आहे, अर्जाची मुदत या महिन्याच्या अठ्ठावीसपर्यंत. हे मला तिच्या दप्तरातून डोकावणाऱ्या माहितीपत्रकाने सांगितलं, तिने नाही.

नऊ वर्षं या घरात आम्ही दोघीच आहोत. ती गेली तर मी काय करायचं, हा विचार मी पुरा करतच नाही, मध्येच उठून भांडी घासते. जाणार का, हेही विचारत नाही. विचारलं तर उत्तर येईल.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज नरकात जाऊन आले!

दर शनिवारी दुपारी लेकीचे मित्र आमच्या टेबलावर खेळायला जमतात. लेक सूत्रधार: तुम्ही कुठे आहात, समोर कोण आलंय, ते ती सांगते. बाकीचे आपण काय करतो ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. त्यातल्या एका फाशाला वीस बाजू. आज चौथा गडी नव्हता. लेक म्हणाली, "आई, तू बस ना. नुसते फासे टाक." झोपायचं ठरवलं होतं. पण तिने स्वतःहून काही मागून किती महिने झाले! बसले.

लंबू (ताडमाड उंच पोरगा) योद्धा. चिमणी (अखंड बोलते, म्हणून माझ्यापुरतं तिचं नाव चिमणी) चेटकीण. "तुला काय व्हायचंय?" मी म्हटलं, मला जमेल असं दे काहीतरी. लेकीने विचार केला आणि म्हणाली, "धोबीण." सगळे हसले. मीही.

टेबलाचे नियम दोन. फोन बिस्किटांच्या डब्यात. आणि निळ्या वहीला कोणी हात लावायचा नाही. नरकाचे साती मजले त्यात आहेत, पुढचं सगळं. जो वही उघडेल तो टेबलावरून कायमचा उठला. चौथा गडी पोहायला जातो असं मला सांगितलं होतं, पण चिमणीने फोडलं: त्याने वही उघडली होती. तीन वर्षांची मैत्री, लेक एका दिवसात परकी झाली. हा करारीपणा कुठून आला म्हणून विचारायची सोय नाही, आरशात दिसतो.

पहिल्या मजल्यावर आग नाही, कढया नाहीत, नुसती रांग आहे. प्रत्येकाच्या हातात टोकन, आणि पुकारा भलत्याच नंबराचा होतो. दुसरा मजला "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणाऱ्यांचा. तिथे कोर्ट आहे, निकाल रोज त्यांच्याच बाजूने लागतो, आणि ऐकायला कोणी नसतं. मला तिथे दोन-तीन नातेवाईक दिसले.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर अंग ठणकत होतं. तरी मधूनच त्या रांगेची आठवण येऊन हसू येत होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरा मजला लंबूच्या हट्टाखातर आगीचा केला आहे. तळी, शिंगं, तलवारी, सगळा सरंजाम. सैतानांच्या सेनापतीने वाट अडवली. लंबू लढून हरला, चिमणीचा मंत्र फसला. लेक म्हणाली, "सेनापतीच्या पांढऱ्या झग्यावर रक्ताचा डाग आहे. तीनशे वर्षं जात नाहीये." मग माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, कशात धुता? "उकळत्या पाण्यात. इथे दुसरं नाहीच." म्हटलं, मग कसा जाईल? गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं. गार पाणी, मीठ, आणि चोळायचं नाही, दाबायचं. फासाही टाकायला लावला नाही तिने. सेनापतीने वाट सोडली! लंबूने मला टाळी दिली. पंचवीस वर्षं डाग काढतेय, पहिल्यांदा कोणी टाळी दिली.

सैतान खोटं बोलत नाहीत, लेक सांगत होती, फक्त विचारलं तेवढंच सांगतात. मनात म्हटलं, हे तर घरचंच.

चौथा मजला बाजार. तिथे आठवणी देऊन सामान घ्यायचं. चिमणीने परीक्षेचा दिवस दिला आणि दोर घेतला. माझी पाळी आली. मी विचार न करता म्हटलं, हिचे बाबा घर सोडून गेले तो दिवस घ्या. लेक दुकानदाराच्या आवाजात म्हणाली, "तो माल फार येतो, बाई. त्याला गिऱ्हाईक नाही."

पोरं हसली. आम्ही दोघी फाशांकडे बघत बसलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जे केलं ते लिहूनच टाकते. दुसऱ्या कोणाला सांगणार?

दोनला आले. लेक कॉलेजात. वही टेबलावर राहिली होती, घाईत विसरली असणार. ताट वाढून घेतलं आणि ताटापलीकडे ती निळी वही. दोन घास खाल्ले. मग हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, आणि उघडली.

मी खेळासाठी उघडली नाही. मला माझं नाव शोधायचं होतं. एवढे मजले लिहिते पोरगी, कुठेतरी मी असणारच ना? कुठल्या तरी सिंहासनावर, हातात किल्ल्या, तोंडाने पिरपिर. पाचवा मजला चाळला. पाण्याखालचं शहर. तिथे मी नव्हते.

सहाव्यावर मात्र जेवण राहिलं बाजूला. तिथे एक दार आहे आणि दारात कंदील धरून एक राखणदार बसलेली. दाराला कुलूप नाही. ती कधीही उठून जाऊ शकते. पण आत खोलीत कोणीतरी झोपलेलं आहे. "ते जागं झालं आणि कोणी दिसलं नाही तर? म्हणून ती बसून आहे. किती वर्षं, तिने मोजलं नाही. कंदील कोणी आपणहून हातात घेतला, तर ती जायला मोकळी."

पुढे अजून होतं. पान उलटणार तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली. वही मिटून होती तशी ठेवली. लेकीने आल्याबरोबर आधी वही उचलली, मग माझ्याकडे बघितलं. "जेवलीस?" मी म्हटलं, जेवतेय. ताटात भात गार झालेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आत झोपलेलं कोण, हे मला कोणी सांगायला नको. दुपारी दोनला येते, दोन घास खाते आणि साडेपाचपर्यंत मेल्यासारखी पडते ती कोण? तेवढ्या वेळात ही पावलं न वाजवता वावरते. मिक्सर लावत नाही. मैत्रिणींना हळू बोला म्हणते.

म्हणजे अर्ज भरायचा अडलाय तो माझ्यामुळे. मी पिकनिकला जाऊ दिलं नाही म्हणून रुसायची ती पोर, आता माझ्या झोपेला राखण बसली आहे. फार वाईट वाटलं. रोलरवर चादर तिरकी गेली. मावशी म्हणाल्या, "लक्ष कुठाय ताई?"

शनिवारी कंदील मी घेणार. तिला समजेल. सहा दिवस उरतील, तेवढ्यात अर्ज जाईल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पाचवा मजला अर्ध्या तासात झाला. मग सहावा. लेकीने आवाज खाली आणला. "दार. दारात एक बाई बसलेली. हातात कंदील." लंबू म्हणाला, मी तलवार काढतो. चिमणी म्हणाली, थांब, तिला नाव विचारू. मला कुठला धीर! मी म्हटलं, "मी कंदील घेते. तू जा. आत झोपलंय त्याच्याजवळ मी बसते."

लेक थांबली. वहीत बघितलं, मग माझ्याकडे.

"आत कोणी झोपलंय, हे मी अजून सांगितलंच नाही."

लंबूने खुर्ची मागे सारली. चिमणी पहिल्यांदाच गप्प. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. या वयात पोरांसमोर चोर ठरले, आणि तीही अशी चोर की चोरलेला माल स्वतःच टेबलावर मांडला.

लेकीने आवाज चढवला नाही. "आज इथेच थांबू," म्हणाली. पोरं फोन घेऊन गेली. डब्याचं झाकणसुद्धा कोणी लावलं नाही.

"किती वाचलीस?"

"कंदिलापर्यंत."

"पुढचं पान?"

"नाही. तू आलीस."

ती हसली. ते हसू मला आवडलं नाही. "वही उघडली म्हणून त्याला मी एका दिवसात काढलं होतं, आई. तुला कुठून काढू?" आणि खोलीत गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

बोलणं नाही. जेवली, ताट धुऊन ठेवलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशींना सांगितलं. म्हणाल्या, "एवढं त्या वहीत कशाला शिरायचं? सरळ विचारायचं होतं, बाई गं, जाणार आहेस का!" त्यांना दोन वाक्यांत सुचलं. मला नऊ वर्षांत सुचलं नाही.

संध्याकाळी तिच्या दाराबाहेर उभी राहून म्हटलं, "चुकले मी. वही तुझी होती." मग म्हटलं, "आणि माझ्यासाठी थांबू नकोस. अर्ज भर." आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार उघडेल वाटलं. उघडलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चादरी, टॉवेल, चादरी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोनला आले तर लेक घरीच. वही माझ्या ताटाशेजारी, सहाव्या मजल्याचं पुढचं पान उघडून ठेवलेली. "वाच आता. मी सांगतेय म्हणून वाच."

"आत झोपलेली मुलगी केव्हाच उठली आहे. अंथरूण आवरून मागच्या दाराने गेली. राखणदाराला ते माहीत नाही, कारण झोप मोडेल म्हणून तिने कधी आत डोकावलंच नाही. कंदील दुसऱ्याने घेतला तर फक्त राखणदार बदलते, मजला संपत नाही. तिला एकच प्रश्न विचारायचा: आत पाहिलंस का?"

खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात: हे आईलाच विचारायला लावायचं. विचारता विचारता तिच्याच लक्षात येईल.

"दारातली ती मी नाही, आई. तू आहेस," लेक म्हणाली. "अर्ज मी जानेवारीतच भरला, पहिल्या फेरीत. सहा तारखेला बाबांचा फोन आला तो निवड झाल्याचा. तुला कसं सांगू कळेना, म्हणून हा मजला लिहिला. आणि तू परत जाऊन त्याच दारात बसलीस."

मी विचारलं, कधी जायचंय? जूनमध्ये, म्हणाली. मग दोघी रडलो, आधी ती.

उद्या मॅनेजरला विचारायचं, ती जागा भरली का.