आईच्या डब्यातला सेफ्टी स्टॉक

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज स्टॉक मोजायचा. रोज म्हणजे रोज. अंबडच्या कंपनीत इतकी वर्षं स्टोअर सांभाळलं, एक नट इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि स्वतःच्या धंद्यात काय आहे ते विचारलं की मीना म्हणते, ‘असेल दोन-चार किलो.’ असेल! हे असं चालत नाही.
आईच्या नावाचा ‘कुसाई मसाले’ वाढतोय. गणपतीत ऑनलाइन ऑर्डरी दुप्पट झाल्या. मसाला मीना करते, तो भाग सोपा आहे. मॅनेजमेंट माझ्याकडे.
आईची खोली आता गोडाऊन. नियम ठरवले. आधी आलेला माल आधी बाहेर. कमी पडायच्या आत नवीन ऑर्डर. आणि कोपऱ्यातला पत्र्याचा डबा म्हणजे सेफ्टी स्टॉक, राखीव माल. गेल्या वर्षी जूनमध्ये आई गेली, त्याआधी तिने स्वतः केलेला शेवटचा काळा मसाला त्यात आहे. तो विकायचा नाही, वापरायचा नाही, हात लावायचा नाही. मीनाला तसं स्पष्ट सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

३ सप्टेंबर, दुपार
स्टॉक मोजला नाही. हाताने मोजणं ही जुनी पद्धत. सॉफ्टवेअरचं फ्री ट्रायल घेतलं. पासवर्ड विसरलो.
जेवणाचं ताट घेऊन नेहमीसारखा गोडाऊनमध्ये बसलो. डब्याचं झाकण उघडलं. काय तो वास! डोळे मिटले की आई मागे उभी आहे असं वाटतं, पदर खोचून, माझ्या ताटात किती उरलंय ते बघत. मान वळवायची नाही असा माझा नियम आहे. वळवली की कोणी नसतं.
मीनाचा मसाला चांगला आहे. विकायला. पण आईचा तो आईचा. अर्ध्या सेकंदात फरक कळतो मला. जन्मजात जीभ आहे.

७ सप्टेंबर, रविवार
खोके आले. प्रत्येकावर आईचा फोटो, छान छपाई. मोठी ऑर्डर दिली की स्वस्त पडतात, म्हणून वर्षभराचे घेतले. गोडाऊनमध्ये मावेनात. अण्णांच्या खोलीत रचले आणि अण्णांची कॉट तात्पुरती गॅलरीत काढली. वडिलांची सोय बघणं माझं कर्तव्य आहे, गॅलरीत हवा छान येते. पण उरलेले खोके गॅलरीतही ठेवावे लागले. अण्णा म्हणाले, ‘सोमा, सकाळी डोळे उघडले की वीस-पंचवीस कुसा माझ्याकडे बघतात. एक होती तवाच लय भ्यायचो मी.’
हसले. मग बराच वेळ खोक्याकडे बघत बसले.

१० सप्टेंबर
काळा मसाला संपला. मीनाकडे खोबरं नाही. खोबऱ्याच्या आधी पॅकिंग टेप मागवली होती मी, कारण टेपवर ऑफर होती. चूक माझी नाही. खोबरं कधी संपणार हे खोबऱ्याने नाही, मीनाने सांगायला हवं होतं.
आजच्या ऑर्डरी कॅन्सल करायला निघालो तर मीना म्हणाली, ‘डब्यातला घ्या ना.’ इतक्या सहज! पोळीला तूप लावता लावता! मी म्हणालो, तो माल नाही, ती आई आहे. आवाज चढला माझा. अण्णा गॅलरीतून म्हणाले, ‘मीना, सांगून टाक गं.’ मीना म्हणाली, ‘नको, अण्णा.’
काय सांगायचं? मोटरसायकलच्या हप्त्याचं असणार. विषय वाढवला नाही.

११ सप्टेंबर
आश्चर्य. कालच्या सगळ्या ऑर्डरी रवाना. मसाला कुठून आला विचारलं. मीना म्हणाली, ‘झालं काहीतरी.’
दुपारी डबा उघडला. मसाला चार बोटं खाली गेलेला.
मी नाही घेतला. अण्णा गोडाऊनमध्ये पाऊल टाकत नाहीत, त्यांना सहन होत नाही. मीनाला मी मनाई केलेली आहे. मग?
पंखा बंद होता, तरी पाठीवर गार लागलं. मान वळवली नाही.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी
आईचं पान. पुरणपोळी, कढी, भजी, काळ्या मसाल्याची आमटी. गच्चीवर पान ठेवलं. कावळा येईना. शेजारच्या लंकाबाईंच्या पानावर तीन कावळे, आमच्याकडे एक नाही. अण्णा हात जोडून म्हणत होते, ‘पोरांना सांभाळीन, काळजी करू नको.’ तरी नाही.
माझ्या लक्षात आलं. आमटीत मीनाचा मसाला. आई शिवणार कशी? खाली धावलो, डब्यातला चमचाभर मसाला आणला आणि आमटीवर भुरभुरला. कावळा लगेच! आमटीतच चोच घातली!
मी मीनाकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला होता. खांदे हलत होते. भरून आलं असणार बिचारीला.
दुपारी डब्याचं झाकण लावायला गेलो तेव्हा मात्र ते दिसलं. सकाळी गडबडीत नीट बघितलं नव्हतं. डबा भरलेला. काठोकाठ. आणि वर, दाबून सपाट केलेल्या मसाल्यावर, माझ्या चमच्याच्या खळग्याशेजारी, पंजाचा ठसा.
आई अशीच दाबायची. हवा राहिली की मसाला जातो म्हणायची. माझा हात वर धरून बघितला. ठसा लहान. बाईचा. करंगळी जरा वाकडी वाटली. आईची वाकडी होती. होती बहुतेक.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
आता खात्री झाली. डबा कमी होतो आणि आपोआप भरतो. मी घरात नसताना. परवा पोस्टातून आलो, भरलेला. काल सातपूरला जाऊन आलो, भरलेला. अण्णांना विचारलं, दुपारी पडला होतात, काही ऐकलं का. म्हणाले, झाकणाचा आवाज आला. कोण होतं विचारलं, तर कूस बदलून खोक्यांकडे तोंड केलं. म्हणजे त्यांनाही माहीत आहे. बोलायची भीती वाटते.
मला भीती वाटत नाही. फक्त गोडाऊनमध्ये जाताना खोकतो. अचानक आत गेलं आणि ती खरंच तिथे असली तर तिला ओशाळं व्हायला नको.
कामावर असताना पुष्कळ स्टॉक सिस्टीम बघितल्या. अशी एकही नव्हती. माणूस मेलं तरी सप्लाय चालू.

२८ सप्टेंबर, रविवार
मोठी बातमी. अंबडच्या एका कंपनीची दिवाळी गिफ्टची ऑर्डर! कामगारांना प्रत्येकी काळ्या मसाल्याचं पाकीट, आईच्या फोटोच्या खोक्यात. खोक्यांवरून मला बोलणाऱ्यांनी आता बोलावं. तारीख अकरा ऑक्टोबर. लगेच हो म्हणालो. वर सांगितलं की हा साधा माल नसेल, आईच्या हातचा असेल.
मीना म्हणाली, एवढं कसं जमणार, मिरच्या नाहीत, धणे नाहीत, कांडपवाल्याकडे दिवाळीची रांग आहे. मी फक्त हसलो. प्रत्येक गोष्ट बायकोला सांगण्यासारखी नसते.

४ ऑक्टोबर
मीनाची आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. मीना लासलगावला गेली, आठवडाभर तरी राहावं लागेल. निघताना म्हणाली, ‘आहेत तेवढ्या मिरच्या भाजून ठेवू का? गाडीला वेळ आहे.’ मी म्हणालो, तू निवांत जा, माझी व्यवस्था झालेली आहे. ‘कसली व्यवस्था?’ मी डब्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. मग बॅग खाली ठेवून दोन मिनिटं दारात उभी राहिली. म्हणाली, ‘अहो, आल्यावर बोलू आपण. नक्की बोलू.’
आजारी आईकडे जाताना लेकीचं मन हळवं होतं. मी समजू शकतो.

५ ऑक्टोबर
हात जोडले आणि पॅकिंग सुरू केलं. डबा रिकामा होत आला, ऑर्डरीचा जेमतेम एक कोपरा झाला. काळजी नाही. उद्या भरेल. मुद्दाम घराबाहेर राहिलो, गंगापूर रोडला दोनदा जाऊन आलो. तिला मोकळीक हवी.

६ ऑक्टोबर
भरला नाही. सुट्टी असेल.

७ ऑक्टोबर
नाही. डब्याच्या तळाचा पत्रा दिसतो. त्यात माझं तोंड दिसतं, वाकडं.
वास आहे पण पातळ झालाय. आज ताट घेऊन बसलो तर मागे कोणी उभं आहे असं वाटलं नाही. मान वळवून बघितलं. नियम मोडला. खोके होते.

८ ऑक्टोबर
आईला काय खुपलं ते शोधतोय. फोटोचे खोके गोडाऊनमधून काढून जिन्यात ठेवले, स्वतःचा फोटो तिला कधीच आवडला नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. तिची निळी साडी डब्याशेजारी ठेवली. दिवा लावला. मोठ्याने सांगितलं की कंपनीची ऑर्डर तुझ्याच नावाची आहे, एवढी पार पाड, पुढचं मी बघतो. लहानपणी परीक्षेच्या आधी मी तिला असंच सांगायचो. ती तेव्हा काही बोलायची नाही, नुसती डोक्यावरून हात फिरवायची. तसाच बसून राहिलो. डोकं जरा पुढे करून.
काही नाही.

९ ऑक्टोबर
दुपारी झाकणाचा आवाज आला. खडबडून उठलो, खोकायचं विसरलो, धावलो. आत कोणीतरी डब्यावर वाकलेलं होतं.
अण्णा.
सव्वा वर्षात पहिल्यांदा त्या खोलीत. हातात मसाल्याची पिशवी होती, दुकानातून आणलेली, कोपरा फाडलेला. डब्यात ओतत होते. निम्मा मसाला फरशीवर.
मला बघून थांबले. म्हणाले, ‘काल तू तिच्या साडीपुढं बसला व्हता ते पाह्यलं. मला बघवलं नाय.’
मग खाली बसले आणि सांगितलं. यंदा श्रावणात डब्याला ओल लागली. आईच्या मसाल्याला जाळी धरली, किडे झाले. मीनाने अण्णांना दाखवलं. कचऱ्यात टाकवेना, म्हणून दोघं एसटीने गावी गेले, आमच्या बांधावर खड्डा केला आणि त्यात ओतला. अण्णांनी डबा घासला. म्हणाले, घासताना वास सुटला, तवा रडलो, ती गेली तवा रडायला सवडच नव्हती. मीनाने तिचा मसाला त्यात भरला. तो संपला की भरत गेली. ‘तू तिथं बसला की चार घास खायचा. एरवी ताट तसंच उठायचं तुझं. मीना म्हणली, खातोय ना, खाऊ द्या.’
श्रावणात. म्हणजे जुलैअखेर.
मी म्हणालो, मला अंदाज होताच. अण्णा म्हणाले, हो रे. आणि फरशीवरचा मसाला हाताने गोळा करायला लागले.

१० ऑक्टोबर
कंपनीला फोन केला. उरलेला माल देता येणार नाही असं सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्याकडून घेऊ. आवाज चांगला होता त्यांचा, रागावलेसुद्धा नाहीत.
श्रावणापासून मी जिच्याशी बोलत होतो ती कोण, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. दिवसभर तोच केला. कावळ्याचं आठवलं. मीनाचे हलणारे खांदे आठवले.

१३ ऑक्टोबर, सोमवार
मीना आली. तिच्या आईचं प्लास्टर आहे, पण बरी आहे. अण्णांनी दारातच सांगितलं, सोमाला कळलं. तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, मिरच्या आणायला चला, दिवाळीच्या किरकोळ ऑर्डरी तरी होतील. मी पिशव्या धरल्या. किती घ्यायच्या हे तिने ठरवलं.

१५ ऑक्टोबर
सकाळपासून भाजणं चालू. मिरच्यांचा खकाणा घरभर. अण्णा गॅलरीत, नाकाला टॉवेल. मीनाने खोबरं काळं होईपर्यंत भाजलं, दगडफूल, धणे, कांदा. मी पंखा बंद कर, खिडकी उघड, डबा पूस एवढं केलं. कांडपावरून आल्यावर तिने मसाला डब्यात भरला आणि पंजाने दाबला. बघत राहिलो. करंगळी सरळ आहे तिची.
चिमूटभर जिभेवर ठेवला. मनापासून म्हणालो, अगदी आईसारखा झालाय. हे तिला पहिल्यांदाच म्हणालो असेन. तेवढ्यात अण्णांना शिंक आली. मी म्हणालो, बघ, सत्य आहे.
मीना म्हणाली, ‘नाही हो. त्यांचा वेगळा होता. कांदा त्या उन्हात वाळवायच्या, आणि जिभेवर आधी गोडसर लागायचा. मला कधीच तसा जमला नाही.’ मग झाकण लावता लावता म्हणाली, ‘तुम्हाला आठवत असेल ना.’
मी हो म्हणालो.
संध्याकाळपर्यंत आठवून बघितलं. ताट घेऊन तिथेच बसलो, डोळे मिटले, सगळं केलं. तिखट होता, एवढंच आठवलं.